स्वादुपिंडात सिस्ट निघाली आहे, सहा महिने थांबायला सांगितलंय. हे दिवस कसे काढायचे?

नमस्कार मंडळी,

माझं वय ५१. ठाण्यात नौपाड्याला राहते, शाळेत शिकवते. एरवी इथे नुसती वाचून जाते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

ऑगस्टमध्ये एका रात्री डाव्या कुशीतून अशी कळ उठली की धड उभंही राहवेना. मुतखडा निघाला, ५ मिमीचा. गोळ्या आणि भरपूर पाणी, अकराव्या दिवशी पडून गेला. पण त्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात, मूत्रपिंडांचं सगळं लिहून झाल्यावर तळाशी एक ओळ होती: पॅनक्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) शेपटीकडे १४ मिमीची सिस्ट (द्रव भरलेली पिशवी), एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) करून घ्यावी. ती मला कोणी वाचून दाखवली नव्हती. फाइल लावताना माझीच नजर गेली. तेवढ्यात सासूबाईंनी आतून विचारलं, "पडला ना गं खडा? सुटलीस बाई!" मी "हो" म्हटलं. ते "हो" अजून तसंच आहे.

एमआरसीपी केली. सिस्ट १६ मिमी भरली. स्वादुपिंडाची मुख्य नळी २ मिमी, म्हणजे फुगलेली नाही. सिस्टच्या आत गाठ नाही, भिंत जाड नाही. पोटविकारतज्ज्ञांनी केसपेपरच्या पाठीमागे झाडाच्या पानाचं आडवं चित्र काढून दाखवलं. मधली शीर म्हणजे मुख्य नळी, तिला फुटलेल्या बारीक शिरा, आणि त्यातल्या एका शिरेच्या टोकाला छोटासा फुगा. तो फुगा म्हणजे माझी सिस्ट, आत चिकट स्राव साठलेला. नाव 'ब्रँच डक्ट आयपीएमएन'. मुख्य नळीतली असती तर धोका बराच जास्त, असं ते म्हणाले. फांदीवरच्या अशा लहान सिस्ट बहुतेक वेळा वर्षानुवर्षं काही करत नाहीत. पण काही थोड्या पुढे कॅन्सरकडे वळू शकतात, म्हणून लक्ष ठेवायचं. ३ सेमीच्या वर गेली, झपाट्याने वाढली, मुख्य नळी ५ मिमी किंवा जास्त झाली, आत गाठ दिसली, तर पुढच्या तपासण्या. रक्तातला सीए १९-९ (कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक) माझा ११ आला, ३७ पर्यंत नॉर्मल धरतात. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय.

त्याआधी एका सर्जननी मात्र "काढून टाका, डोक्याला ताप नको" असं सांगितलं होतं. शेपटीकडचा भाग काढायचा म्हणजे स्वादुपिंडाचा तुकडा जाणार, बऱ्याचदा प्लीहाही जाते, आणि पुढे मधुमेह होऊ शकतो. आईने वीस वर्षं मधुमेह काढला, तिच्या पायाची जखम मी धुतली आहे. म्हणून परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन दुसरं मत घेतलं. तिथेही आत्ता ऑपरेशन नको असंच सांगितलं. ('परळला गेले होते' एवढं म्हटलं तरी आपल्याकडे लोकांचा चेहरा पडतो, म्हणून शेजारी दादरला गेल्याचं सांगितलं.)

तेव्हा वैद्यकीय भाग मला कळला आहे आणि पटलाही आहे. जमत नाहीये ते थांबणं. जेवल्यावर जरा पोट फुगलं की पाठीत दुखतंय का बघते. दिवसातून दोनदा वजनकाट्यावर उभी राहते. पुढचा स्कॅन मार्चमध्ये, म्हणजे ऐन दहावीच्या परीक्षेत, आणि पोरांना उजळणी देताना माझ्या मनात महिने मोजणं चालू असतं. नवरा म्हणतो डॉक्टर काळजी नको म्हणालेत ना, मग झालं. त्याचं बरोबर आहे, पण रात्री तीनला ते उपयोगी पडत नाही.

ज्यांनी किंवा ज्यांच्या घरच्यांनी अशी सिस्ट बरीच वर्षं सांभाळली आहे, त्यांनी कृपया लिहा. मन कधी शांत होतं का? पुढचा एमआरआय त्याच सेंटरला करायचा की कुठेही चालतो? एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करतात ती आत्ता गरजेची नाही म्हणाले, तुम्हालाही असंच सांगितलं होतं का? आणि घरात कितपत सांगितलंत? मुलगी पुण्याला शेवटच्या वर्षाला आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या, त्यांच्या लेखी गाठ म्हणजे एकच.

प्रतिसाद

ताई, मी नेरुळहून. मिस्टरांना २०२० मध्ये अशीच सापडली, १८ मिमी, तीही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये. अजून तेवढीच आहे. आधी सहा महिन्यांनी बघितलं, आता दीड वर्षाने बोलावतात. एंडोस्कोपीवाली आमचीही केली नाही.

शक्यतो एकाच सेंटरला करा, आणि नुसता कागद नाही, सीडी मागून घ्या. जुनी इमेज शेजारी लावून बघायला सांगा. एकदा आमची 'दोन मिमीने वाढली' असं आलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही सीड्या लावून पाहिल्या, मोजायची जागा वेगळी होती. तो आठवडा मी अन्न गिळलं नव्हतं.

वजन रोज करू नका, महिन्यातून एकदा करा आणि वहीत लिहा. मात्र कावीळ, वरच्या पोटातून पाठीत जाणारी जोराची कळ, कारण नसताना उतरलेलं वजन, अचानक वाढलेली साखर, यातलं काही झालं तर मार्चची वाट बघू नका, सरळ जा. मला या चार गोष्टी लिहून फ्रिजला लावल्यावर झोप लागायला लागली. बाकीच्या दुखण्यांना मी घाबरायचं सोडलं.

मुलीला सांगा. आमच्या मुलाला उशिरा कळलं, त्याने ते अजून मनात धरलंय.

धागाकर्ती

खूप आभार, ताई. चार गोष्टी लिहून काढल्या, कपाटाच्या दाराला आतून लावल्या आहेत. वजनकाटा माळ्यावर टाकला.

रविवारी मुलीला फोन केला. मिनिटभर काही बोलली नाही, मग म्हणाली, "तो फुगा काढलेला कागद मला फोटो काढून पाठव." पाठवला. मार्चमधल्या स्कॅनला तीच येणार आहे बरोबर. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.