वळताना पुढून कट-कट: एक्सल, बेअरिंग की लोअर आर्म?

वाशिष्ठीकाठ
गाडी पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, २०१५ चं मॉडेल, ९२,००० किमी. यू-टर्नला फुल कट मारून (स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून) रेस दिली की पुढून जोरात कट-कट-कट येतं. सरळ रस्त्यावर गप्प. शिवाय कुंभार्ली घाटात डाव्या वळणांवर घूं-घूं असा वेगळाच आवाज येतो. गॅरेजमध्ये दोन्ही एक्सल (चाक फिरवणारे दांडे), दोन्ही बेअरिंग आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) बदला म्हणाले. नेमकं काय गेलंय हे आधी कसं ओळखायचं?

ग्रीसगन
दोन आवाज आहेत, तर दोन वेगळे दोष धरून चला. कट-कट हा बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाला वळणाऱ्या सांध्याचा आवाज. जॉइंटमध्ये सहसा सहा बॉल असतात. चाक वळलेलं असताना ते खाचांमध्ये सतत पुढे-मागे सरकतात. खाचेत खळगा पडला की त्यावरून जाणारा बॉल टक् करतो. म्हणूनच आवाजाची लय चाकाच्या वेगाबरोबर वाढते आणि रेस सोडली की तो मंदावतो.

मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये, फुल कटमध्ये, एक चक्कर डावीकडे आणि एक उजवीकडे मारा. मग रिव्हर्समध्येही तेच. पण आवाज कोणत्या वळणाला येतो यावरून बाजू ठरवू नका, तिथे हमखास फसगत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा आणि टॉर्च घेऊन चाकामागचा रबरी बूट (जॉइंटवरचं घडीचं आवरण) बघा. बूट फाटला असेल तर रिमच्या आतल्या अंगाला आणि जंपरवर (शॉक अब्सॉर्बरवर) काळ्या ग्रीसचा पंख्यासारखा फवारा दिसतो. ते ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. कचकच लागलं तर आत माती गेली आहे, जॉइंट बदलावाच लागेल. ग्रीस मऊ असेल आणि अजून आवाज नसेल, तरच नुसत्या बूट किटवर भागतं.

पाना_पेचकस
घूं-घूं बहुधा उजव्या बेअरिंगची. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे डाव्या वळणाला वाढणारी घुमघुम उजवीकडची असते. पण आधी टायरवरून हात फिरवा. रबर खालीवर झिजलं असेल तर तेही असंच घुमतं. पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाजही मागे गेला तर दोष टायरचा.

मग चाक जॅकवर घ्या (खाली स्टँड हवाच), गिअर न्यूट्रल. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग गेलं असेल तर खरखर हाताला कळते. पुढे चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. ढिलाई लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. फक्त ३ आणि ९ वर धरून हललं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). कट-कटवर गॅरेजपर्यंत जाता येतं, पण बॉल जॉइंट हलत असेल तर गाडी जागेवरून हलवू नका. तो सॉकेटमधून निसटला की चाक सरळ आडवं होतं.

घाटरस्ता
उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर ‘ठण्ण’ असा एकच आवाज येतो का, तेही बघा. तो जंपरच्या वरच्या माउंटचा. माउंटमधलं बेअरिंग अडकलं की स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. स्टिअरिंग दुसऱ्याला फिरवायला सांगा आणि स्प्रिंगला बाहेरून तळवा लावा, वेटोळ्यांत बोट घालू नका. कोकणातल्या दमट हवेत स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं गंजून तुटलेलंही सापडतं, तेही तपासा.

वाशिष्ठीकाठ
पाहिलं. डावा बूट घडीवर फाटलाय, ग्रीस कचकचतंय. उजवं चाक फिरवताना स्प्रिंगवर खरखर लागते. वर-खाली थोडी ढिलाई होती, ती ब्रेक दाबल्यावर गेली. बाकी सगळं घट्ट आहे.

ग्रीसगन
म्हणजे डावा बाहेरचा जॉइंट आणि उजवं बेअरिंग, एवढंच काम. लोअर आर्मला हात लावू देऊ नका.

जॉइंट घेताना शाफ्टचे दाते मोजून जुळवा. एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग जॉइंटवर असेल तर तिचेही दाते मोजा, नाहीतर दिवा पेटून राहील. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून ढिला करा. नट ढिला असताना गाडी ढकलू नका, बेअरिंग खराब होतं. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला तर ऑइल सांडेल, खाली ट्रे ठेवा आणि नंतर लेव्हल भरा. जुना जॉइंट आतल्या रेसवर (आतल्या कड्यावर) पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांडीने) ठोकला की सुटतो. सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवणारी कडी) नवीच घाला.

किटमधलं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पूर्ण वापरा: आधी बॉलच्या खाचांमध्ये दाबून भरा, उरलेलं बुटात. चेसिसचं ग्रीस चालणार नाही. क्लॅम्पच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी बांधू देऊ नका. ती सैल पडली की ग्रीस पुन्हा बाहेर. एक्सलचा नट नवा घ्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळा आणि कॉलर खाचेत ठोकून लॉक करा.

पाना_पेचकस
बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसवरच बसवून घ्या. नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागात) घालताना दाब बाहेरच्या रेसवर हवा, हब घालताना आतल्या रेसला खालून आधार हवा. हातोड्याने ठोकलं तर रेसवर डाग उमटतात आणि घुमघुम काही दिवसांत परत येते. जंपरचे खालचे दोन बोल्ट काढले असतील तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदललेला असतो. आणि डाव्या डिस्कवर ग्रीस उडालं आहे का बघा. ब्रेक क्लीनरने पुसा, पॅडमध्ये मुरलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदला.