धर्म न मानणाऱ्या मुलांच्या ख्रिस्ती शिबिरात सेवेसाठी जात आहे: अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

येत्या जुलैमध्ये मी चेक प्रजासत्ताकात, उत्तर बोहेमियातल्या एका लहान गावी, तिथल्या मंडळीने (म्हणजे स्थानिक चर्चने) भरवलेल्या युवक शिबिरात स्वयंसेविका म्हणून जाणार आहे. शिबिर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. सकाळी इंग्रजीचे वर्ग, दुपारी मैदानी खेळ आणि संध्याकाळी गाणी, एखाद्या कार्यकर्त्याची साक्ष (म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगणे) व त्यावर लहान गटांत चर्चा, असा दिनक्रम कळवण्यात आला आहे. मी बडोद्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे सकाळची मला चिंता नाही. प्रश्न आहे तो संध्याकाळचा, कारण येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी कोणताच धर्म पाळला जात नाही आणि मुळात ती मुले इंग्रजी बोलायला मिळावे म्हणून येतात.

माझी अडचण नीट कळावी म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचे घराणे नगरकडचे, पण आजोबांपासून बडोद्यात स्थिरावलेले. रविवारची उपासना गुजरातीत आणि घरची प्रार्थना मराठीत. आम्ही इथे मूठभर असलो तरी श्रद्धा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागल्याचे मला आठवत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या आजी सकाळची पोथी आटोपून ओट्यावर वालपापडी सोलत बसतात आणि मी चर्चमधून परतताना ‘आज पाळकांनी काय सांगितलं गं?’ असे हमखास विचारतात. मी सांगते, त्या ऐकतात, मग पोथीतली एखादी कथा सांगतात, आणि जाताना माझ्याही हातात चार शेंगा देऊन सोलायला बसवतात. आमची दैवते वेगळी असली, तरी माणूस हात का जोडतो, हे दोघींनाही विचारावे लागत नाही.

तिकडचे चित्र निराळे दिसते. २०२१ च्या जनगणनेत चेक प्रजासत्ताकातल्या सुमारे ४८ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले आणि उत्तर ऐच्छिक असल्यामुळे सुमारे ३० टक्के लोकांनी तो रकाना रिकामाच सोडला. विरोध करणाऱ्याशी बोलण्याची तयारी करता येते. पण ज्याच्या घरात हा विषय कधी निघालाच नाही, त्याच्याशी सुरुवात कुठून करावी, हे मला उमगत नाही. आयोजकांना विचारले तर ‘तुम्ही जशा आहात तशाच या’ असे उत्तर आले, जे वाचायला छान असले तरी उपयोगाचे नाही.

साक्षीऐवजी कीर्तन करावे, असा विचार मनात घोळतो आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काळापासून आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची रीत आहे आणि आत्याकडून मी उधळ्या पुत्राचे आख्यान शिकले आहे (संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप जवळ घेतो आणि थोरला भाऊ रागावतो, ती बायबलमधली कथा). चिपळ्या, थोडे गाणे आणि इंग्रजीत निरूपण असे ते बसवता येईल. मात्र मुले त्याकडे भारतातली एक गंमत म्हणून पाहतील आणि आशय बाजूला राहील, अशी धास्ती वाटते.

त्याहून मला टोचते ती दुसरी गोष्ट. इंग्रजीच्या ओढीने आलेल्या मुलांना संध्याकाळी प्रभूविषयी सांगणे कितपत सरळ आहे? माझ्या शाळेत कुणी, कोणत्याही धर्माच्या नावाने, पालकांना न सांगता असे केले तर मीच आक्षेप घेईन. विश्वास लपवायचा नाही आणि कुणाच्या गळ्यातही मारायचा नाही, एवढे मनाशी ठरले आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाने ‘हे सगळं तुम्हाला खरंच पटतं का?’ असे तोंडावर विचारले, तर किती बोलावे आणि कुठे थांबावे? अशा शिबिरांत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया लिहावे. व्हिसा, विमा आणि पोलिसांचा दाखला ही कामे मार्गी लागली आहेत, त्याविषयी सल्ला नको.

प्रतिसाद:

ताई, मी इंदूरचा. नोकरीनिमित्त प्रागमध्ये होतो तेव्हा अशाच शिबिरांत स्वयंपाकघर सांभाळले आहे. प्रथम पालकांना पाठवलेले पत्रक मागवून घ्या. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे स्वरूप त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते लिहावे असा आग्रह धरा. तुमचा आक्षेप रास्त आहे. चर्चेला बसणे ऐच्छिक आहे ना, हेही विचारा.

त्या मुलांचा अबोलपणा म्हणजे कंटाळा नव्हे. गटात गप्प बसलेली मुले नंतर भांडी विसळायला स्वयंपाकघरात येत आणि खरे प्रश्न तिथे निघत. असा प्रश्न आला की ‘हो, पटतं’ म्हणावे, का पटते ते दोन वाक्यांत सांगावे, जे तुम्हालाही उलगडलेले नाही तेही सांगावे, आणि मग त्याला काय वाटते ते ऐकावे. एखाद्याने घरचे दुःख सांगितले तर ते गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नका. स्थानिक प्रमुखांच्या कानावर घाला, आणि असे बोलणे बंद खोलीत एकट्याने करू नका.

थोडा इतिहास वाचून जा. तिथे राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याने १६२० नंतर त्या लोकांवर कॅथलिक पंथ लादला, १९४८ ते १९८९ या काळात कम्युनिस्ट सत्तेने चर्च दाबून ठेवले, आणि उत्तर बोहेमियातून तर दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषक रहिवासी हाकलले गेल्यामुळे कित्येक गावांत चर्च उरले, पण उपासक उरले नाहीत. धर्म म्हणजे वरून येणारी सक्ती, ही समजूत तिथे उगाच रुजलेली नाही. शिबिर जुलैच्या आरंभी असेल तर ६ तारखेला चेक धर्मसुधारक यान हुस यांच्या स्मरणार्थ सार्वजनिक सुट्टी असते. १४१५ साली याच दिवशी त्यांना जाळण्यात आले. धर्म न मानणाऱ्या मुलांनाही ते शाळेतून माहीत असतात, तेव्हा त्यांच्याविषयी मुलांनाच विचारा.

कीर्तन अवश्य करा, पण शेकोटीच्या रात्री. गिटार घेऊन शेकोटीभोवती गाणे ही त्यांची जुनी आवड आहे, त्यामुळे चिपळ्या तिथे परक्या वाटणार नाहीत. पूर्वरंग आटोपता घ्या आणि थोरल्या भावाचा राग गाळू नका. त्या वयाची मुले त्याचीच बाजू घेतात.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार, दादा. पत्रकासाठी आजच लिहिते. आत्याच्या आख्यानात थोरल्या भावाला जेमतेम दोन ओव्या आहेत, तेव्हा तो भाग नव्याने बांधावा लागेल. कुणाकडे जुन्या कीर्तनाची वही असल्यास कृपया कळवावे.