दुसऱ्या विषयातली डिग्री आहे म्हणून वर्षभरात नर्स? तुमचं मत काय?

अबोली:
अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही विषयात बॅचलर्स झालेल्यांसाठी अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन असतं, साधारण ११ ते १८ महिन्यांत नर्सिंगची एरवी चार वर्षांची पूर्ण पदवी. परवा एका ग्रुपवर याला क्रॅश कोर्स म्हणून नाकं मुरडलेली बघितली आणि राहवलं नाही. अहो क्रॅश कोर्स कसला, सेंट लुइस युनिव्हर्सिटीने हे १९७१ सालीच सुरू केलंय. वगळतात काय, तर इतिहास, निबंध, इलेक्टिव्ह्ज, जे आधीच्या डिग्रीत झालेलंच असतं. उलट अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅट्स हे प्रवेशाआधी करून यावं लागतं, कॉमर्सवाल्याचं त्यातच वर्ष जातं. आणि शेवटी एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा सगळ्यांना तीच. हे प्रोग्रॅम वाढायला हवेत असं माझं स्पष्ट मत.

फ्लोअरवाली:
नाक मुरडणाऱ्यांत मीही आहे, घ्या. मी मेड-सर्जला (मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात) नवीन ग्रॅड्सची प्रिसेप्टर असते, म्हणजे कामावर त्यांना शिकवते. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी द्यायच्या आधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, ६० च्या खाली असले तर गोळी थांबवून डॉक्टरला कळवायचं, हे अ‍ॅक्सिलरेटेडवाला घडाघडा सांगतो. पण पेशंटला एफिब (हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून मॉनिटरच्या आकड्यावर भिस्त नको), मॉनिटरवर आकडा ७२ दिसतोय, तिकडे दुसरा पेशंट बेल वाजवतोय, की हा मॉनिटर बघून पाकीट फाडायला लागलाच. हुशार असतात हो, त्यात वाद नाही, पण हात बसायला वेळ लागतो आणि तोच तर तुम्ही कापताय.

पाटीपेन्सिल:
@फ्लोअरवाली मग चार वर्षंवाले पहिल्या आठवड्यात मॉनिटर बघून पाकीट फाडत नाहीत का? बऱ्याच ठिकाणी पारंपरिक कोर्समध्येही पहिली दोन वर्षं प्रीरेक्विझिट्समध्येच (आधी करायच्या विषयांत) जातात, क्लिनिकल्स, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम, येतात ती शेवटच्या दोन वर्षांत. म्हणजे तुलना चारशी नाहीच, दोनशी आहे. तेही सुट्ट्या धरून.

फ्लोअरवाली:
सुट्ट्या म्हणजे वाया गेलेला वेळ नाही. तेव्हा पोरं नर्सिंग असिस्टंटचं काम करतात, पेशंटची कूस बदलायला, आंघोळ घालायला शिकतात. अ‍ॅक्सिलरेटेडमध्ये तर शाळाच सांगतात की कोर्स चालू असताना नोकरी करू नका.

काटकसर:
नोकरी करू नका, तर खायचं काय? यावर कोणी बोलतच नाही. एक बॅचलर्स झाली की पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) बंद. फेडरल लोनला अंडरग्रॅजुएटची एकूण मर्यादा आहे, स्वतंत्र विद्यार्थ्याला ५७,५०० डॉलर, आणि पहिल्या डिग्रीचं लोनही त्यातच धरतात. उरलेलं मग प्रायव्हेट लोन. त्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजात असोसिएट डिग्री (साधारण दोन वर्षांची) करा, परीक्षा तीच, आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स तेच, नंतर नोकरी करत ऑनलाइन बीएसएन. घाई कॉलेजांना आहे, त्यांना फी मिळते 😏

अबोली:
@काटकसर बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांना नोकरी देतानाच बीएसएन लागतं, आणि ते उगाच नाही. २०१४ साली लॅन्सेटमध्ये लिंडा एकन वगैरेंचा नऊ युरोपीय देशांचा अभ्यास आला होता, बॅचलर्सवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी.

पाटीपेन्सिल:
त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की नर्समागे एक पेशंट वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. ते कोणी कोट करत नाही. आणि बॅचलर्स किती महिन्यांत केली हे त्यात मोजलेलंच नाही, त्यामुळे तुमच्या बाजूनेही तो फारसा उपयोगाचा नाही. फ्लोअरवालीताई, तुमचं भांडण कोर्सशी आहे की स्टाफिंगशी?

फ्लोअरवाली:
दोन्हीशी! कॅलिफोर्नियात मेड-सर्जला कायद्याने एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच पेशंट, बहुतेक राज्यांत असा कायदाच नाही. सात पेशंट घेऊन वर नवीन माणसाला शिकवायचं म्हणजे मी नक्की कोणाकडे बघू? हॉस्पिटलांनी वर्षभराची रेसिडेन्सी (नव्या नर्ससाठी देखरेखीखालचं प्रशिक्षण) द्यावी, प्रिसेप्टरचे पेशंट कमी करावेत, मग १८ महिन्यांवाल्याला मी आनंदाने घेईन. ११वाल्याला अजूनही नाही.

काटकसर:
आणि रेसिडेन्सी मध्येच सोडली तर साइन-ऑन बोनस (रुजू होताना दिलेले जादा पैसे) परत मागतात, सही करायच्या आधी तेवढं काँट्रॅक्ट नीट वाचा.