मदत हवी आहे: पॅराव्ह्यूमधून चित्र सेव्ह करताना मराठी अक्षरं मोडतात

नमस्कार मंडळी,

धरणाच्या सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) ओपनफोम या प्रवाहाची गणितं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, त्याची चित्रं पॅराव्ह्यू या निकाल चित्रात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढतोय. धरणाखालच्या गावातल्या शाळेत ए-१ आकाराचं पोस्टर लावायचंय. रंगपट्टीवर (कुठला रंग म्हणजे किती वेग हे सांगणाऱ्या पट्टीवर) 'पाण्याचा वेग, मीटर प्रति सेकंद' असंच हवं. हे पाणी त्यांच्या शिवाराजवळून जातं, चित्र त्यांना वाचता आलंच पाहिजे.

मूळ फाँटमध्ये देवनागरी उमटत नाही. बाहेरची टीटीएफ (फाँटची) फाइल दिली की अक्षरं येतात, पण 'प्रति'मधला 'प्र' फुटतो आणि पहिली वेलांटी 'त'च्या पुढे जाऊन बसते. शिवाय सेव्ह स्क्रीनशॉटमध्ये रिझोल्यूशन वाढवलं की रंगपट्टीवरचे आकडे मुंगीएवढे होतात. पोस्टरवर चित्र ३० सेंमी रुंद असेल. काय करू?

प्रतिसाद १

आकड्यांचं सोपं आहे. त्याच खिडकीत फाँट स्केलिंगचा पर्याय असतो, तिथे 'स्केल फाँट्स प्रपोर्शनली' निवडा. ३० सेंमीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३५४३ पिक्सेल रुंदी लागते. पोस्टर लांबून बघतात, त्यामुळे १५० डीपीआयचे १७७२ही चालतील. फाइल पीएनजीच ठेवा, जेपीजीत अक्षरांच्या कडांभोवती डाग पडतात.

मराठीसाठी पॅराव्ह्यूशी झगडू नका. ते एकेक अक्षरचिन्ह सुटं मांडतं, जोडाक्षरं जुळवत नाही. रंगपट्टीचं शीर्षक रिकामं करा, आकडे राहू द्या, 'ट्रान्सपरंट बॅकग्राउंड'वर टिक करून सेव्ह करा आणि मराठी मजकूर इंकस्केप या चित्रं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. तिथे देवनागरी नीट जुळते.

धागाकर्ता

'प्रति' अगदी स्वच्छ आलं, मनापासून आभार! पण सिम्युलेशन अजून चालू आहे. नवीन निकाल आला की सगळं परत जुळवायचं का?

प्रतिसाद २

नाही. इंकस्केपमध्ये चित्र आणताना 'एम्बेड' (चित्राची प्रत आत साठवणं) नको, 'लिंक' (मूळ फाइलशी जोडणं) निवडा. पुढचं चित्र त्याच नावाने, त्याच पिक्सेल मापात सेव्ह केलंत की मजकूर जागच्या जागी राहून फक्त खालचं चित्र बदलतं. कॅमेरा हलू नये म्हणून पॅराव्ह्यूमध्ये सेव्ह स्टेटने पीव्हीएसएम फाइल (सगळी मांडणी जपणारी) करून ठेवा.

आणि रंगांची मर्यादा हाताने ठरवून द्या, 'रिस्केल टू कस्टम रेंज' वापरून. आपोआप बदलू दिलीत तर एका चित्रातला लाल ८ चा आणि दुसऱ्यातला १२ चा होईल. शेजारीशेजारी दोन चित्रं लावलीत तर गावकऱ्यांना दोन्हीकडे वेग सारखाच वाटेल. धरणाखालच्या लोकांसमोर ही चूक अजिबात नको.