‘बसून मिटवू’ म्हणजे नक्की काय?

परळचा_चाळकरी: एकोणीस वर्षांनी काल बाबा आणि काका एका सतरंजीवर बसले. भांडण पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या कायमच्या भाड्याच्या खोलीचं. आजोबांनंतर भाडेपावती काकांच्या नावावर झाली, तेव्हापासून दहा बाय बाराच्या खोलीत मधे प्लायवूड. गणपतीही दोन. पहाटे पाचला पाणी आलं की आई आणि काकू एकाच नळावर, पण बोलणं “बादली सरकवा”च्या पुढे नाही. आता पुनर्विकास आलाय आणि बिल्डर म्हणतो, एका पावतीला एकच घर. वरच्या मजल्यावरच्या अप्पांनी दोघांना बोलावलं आणि अट घातली की पावतीचं नाव काढायचं नाही, आधी पोटमाळ्यावरची आजीची ट्रंक कोणी ठेवायची ते ठरवा. ट्रंकेवर दीड तास गेला! पावतीचं मग वीस मिनिटांत उरकलं. नवं घर दोघांच्या नावावर.

माझं म्हणणं एवढंच, की जुन्या वैराला थेट मुळापासून हात घालू नये. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला दंगली झाल्या. १९८८ पासून पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्याही शांततेच्या दिवसांत, हिंदू-मुसलमान शेजारी बसवून. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

कुर्ल्याची_लेक: बैठकीत तुमची आत्या होती का? विचारते, कारण आमच्याकडेही राजापूरच्या घरावरून अशीच ‘बैठक’ झाली. “ताई, तुझं मन मोठं” म्हणत हक्कसोडपत्र पुढे केलं. चहा यायच्या आधी पेन आलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क २००५ साली मिळाला, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी सही केली. माहेर टिकलं. भाऊबीजेची साडी येते, कपाटात तशीच पडून असते. त्यांच्या लेखी भांडण मिटलं.

परळचा_चाळकरी: आत्या नव्हती. पण पागडीत भाडे कायदा भाडेकरूसोबत राहणाऱ्या घरच्यांना धरतो, विरारला सासरी गेलेलीला नाही.

कुर्ल्याची_लेक: मी कायद्याचं नाही विचारलं. बोलावलं का, ते विचारलं.

जोगेश्वरी_पूर्व: ताईंशी सहमत. भिवंडीचं कौतुक मलाही आहे, पण ते दंगल व्हायच्या आधीचं औषध. झाल्यावर काय? मुंबईतही १९९४ ला मोहल्ला कमिटी आली, निवृत्त पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी पुढे होते. पोरांचे पोलिसांबरोबर क्रिकेटचे सामने झाले. चांगलंच झालं. पण ज्याचं दुकान जळालं त्याने टाळ्या किती वाजवायच्या? १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले, अहवाल १९९८ ला आला, आणि शिक्षा झालेले बोटांवर मोजता येतील. आधी हिशेब, मग सतरंजी.

धोबीतलाव_तारीख_पे_तारीख: हिशेब मागायला आम्ही गेलो होतो. भाड्याच्या घरांचे दावे चालतात ते स्मॉल कॉज कोर्ट, सतरा वर्षं. मधे एक वकील वारले, मग बाबा. निकाल आमच्या बाजूने लागला, तेव्हा चुलतभाऊ जिन्यात भेटला आणि दोघांना एकमेकांची मुलं ओळखता येईनात. तुमचे अप्पा आम्हाला मिळाले असते तर बरं झालं असतं.

कुर्ल्याची_लेक: कोर्टात जा असं मी कुठे म्हटलं? बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातही आधी समुपदेशकाकडे बसवतात. पण फिसकटलं तर त्याच इमारतीत न्यायाधीश आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. म्हणून दुबळ्यालाही ‘नाही’ म्हणता येतं. अप्पांच्या खोलीतून बाहेर पडून बाई कुठे जाणार?

जोगेश्वरी_पूर्व: लाख बोललात.

परळचा_चाळकरी: (दुपारी) विरारला फोन केला. आत्या म्हणाली, “मला तुमच्या घराचा चौरस फूटही नको.” मग थोडं थांबून, “पण आईची ट्रंक कुणाला दिलीत?”

अजून उत्तर दिलेलं नाही.