शाम्पू पारदर्शक कसा राहतो?

प्रश्न असा की धन भाराचा पॉलिमर (केस मऊ करणारा, लांब साखळीसारखा रेणू) आणि ऋण भाराचा साबणी रेणू एकत्र आले की साका (गाळ) बसायला हवा, मग कंडिशनरवाला शाम्पू बाटलीत स्वच्छ कसा? साका बसतो हे खरंच, पण प्रमाण जुळलं तरच. सोडियम डोडेसिल सल्फेट (असाच ऋण भाराचा साबणी रेणू) एकटं असेल तर त्याचे मायसेल, म्हणजे पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत करून जमलेले गोळे, सुमारे 8 मिलिमोलरला (पाण्यातल्या प्रमाणाचं एकक) बनतात. धन पॉलिमर सोबत असला की त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात रेणू साखळीला चिकटू लागतात. भार फिटत आले की पाणी गढूळ होतं. पण साबणी रेणू आणखी वाढवा, ते शेपट्या जुळवून साखळीवर दाटी करतात, सगळं गाठोडं ऋण भाराचं होतं आणि पुन्हा विरघळतं. बाटलीत हीच स्थिती असते.

घरी करून बघाच. लेबलवर पॉलिक्वाटर्नियम-10 (असाच एक धन भाराचा पॉलिमर) लिहिलेला पारदर्शक शाम्पू काचेच्या ग्लासात घ्या आणि थोडं थोडं पाणी घालत हलक्या हाताने ढवळा. मी केलं तेव्हा मध्येच दुधाळ झाक आली. डोकं धुतानाही तेच घडतं: पाण्याने साबण पातळ होतो, पॉलिमर आणि साबणाचा गढूळ साका सुटून त्याचा थर केसांवर बसतो. मला हे फार सुंदर वाटतं. मऊपणा बाटलीत नसतोच, तो धुताना तयार होतो.