स्टोनहेंज वगळून फक्त बाथ? मंडळाच्या सहलीविषयी

सहल समितीस सप्रेम नमस्कार,

बाथ आणि स्टोनहेंजच्या एकदिवसीय सहलीचे पत्रक वाचले. बेत उत्तम आहे, परंतु स्टोनहेंज त्यातून वगळावे, अशी माझी विनंती आहे. लंडनहून निघून दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहायची, तर निम्मा वेळ कोचमध्येच जाईल. शिवाय स्टोनहेंजच्या त्या प्राचीन वर्तुळातील उभ्या दगडांना हात लावता येत नाही, दोरीबाहेरच्या वाटेने फेरी मारून परतायचे. आणि तेच दगड ए-३०३ रस्त्याने जाताना खिडकीतूनही दिसतात. तो वेळ बाथच्या रोमन स्नानगृहांना दिल्यास ज्येष्ठांची दगदग वाचेल. कृपया विचार व्हावा.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

*

काका, सप्रेम नमस्कार.

दगदगीचा आपला मुद्दा समितीला पूर्ण मान्य आहे; मात्र स्टोनहेंज वगळू नये, असे मला मनापासून वाटते. रस्त्यावरून दगड दिसतात हे खरे, पण त्यांची घडण दिसत नाही. दोरीबाहेरच्या वाटेवरून सर्वांत उंच उभ्या दगडाचा माथा नीट पाहावा. तेथे एक गुटी, म्हणजे वर आलेला दगडी उंचवटा, मुद्दाम कोरून ठेवलेली स्पष्ट दिसते. वरच्या आडव्या दगडात तिच्या मापाची खोबण होती आणि सुतार चौकट बसवतो, तसा तो दगड त्या गुटीवर बसवला होता. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, लोखंडाचे हत्यार नसताना, दगडानेच दगड ठेचून हे काम झाले आहे. मोठे दगड सुमारे २५ किलोमीटरवरून आले, लहान निळसर दगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, आणि मधोमध आडवा पडलेला ‘ऑल्टर स्टोन’ तर थेट ईशान्य स्कॉटलंडमधून आला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. एवढे जाणकाराकडून ऐकत फेरी मारली, तर ती फुकट गेली असे कोणालाही वाटणार नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाथमधील ‘सर्कस’ ही घरांची गोलाकार रांग ज्याने आखली, त्या थोरल्या जॉन वुडने १७४० मध्ये स्टोनहेंजची बारकाईने मोजणी केली होती. हे ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचे मंदिर आहे, अशी त्याची समजूत होती. पुरातत्त्वज्ञ आज ती मानत नाहीत, परंतु त्या वर्तुळाची छाप त्याच्या मनावर कायम राहिली. १७५४ मध्ये सर्कसचे काम सुरू झाले, त्याच वर्षी तो वारला आणि पुढे मुलाने ते पुरे केले. तेथील छतांच्या कठड्यावर ओकची दगडी फळे बसवलेली आहेत, ती मुलांना जरूर दाखवावीत. सकाळी स्टोनहेंज पाहिले असेल, तर दुपारी सर्कसच्या मध्यभागी उभे राहिल्यावर हा धागा आपोआप लक्षात येतो. म्हणून क्रमही हाच ठेवला आहे.

रोमन स्नानगृहांचा वेळ आम्ही कमी केलेला नाही. ४६ अंशांचे पाणी आजही तेथे जमिनीतून उसळते, पण मला सर्वांत मोलाचे वाटतात ते शिशाच्या पत्र्यांवर लिहून कुंडात टाकलेले शाप. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर चोराची मती आणि डोळे जावोत, असे त्याने सुलिस मिनर्व्हा देवीला साकडे घातले. कोकणात देवीपुढे गाऱ्हाणे घालतात, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

दगदगीबद्दल सांगायचे, तर अभ्यागत केंद्रापासून दगडांपर्यंत बस आहे. माळावर आडोसा नाही व वारा झोंबतो, म्हणून उन्हाळ्यातही जाकीट हवे. बाथमध्ये महापौरांचे मानद मार्गदर्शक विनामूल्य शहर दाखवतात, बक्षिसीही घेत नाहीत. मात्र ती फेरी साधारण दोन तासांची आणि पूर्ण पायी असते. ज्यांना तेवढे चालवणार नाही, त्यांनी थेट स्नानगृहात जावे. त्यांच्यासोबत समितीचा एक जण राहील.

कळावे,
सहल समितीच्या वतीने

*

सप्रेम नमस्कार,

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. वुडची मोजणी मला ठाऊक नव्हती. माझी हरकत मागे घेतो. एकच सूचना: स्टोनहेंजची माहिती कोचमध्ये जातानाच सांगावी, कारण उघड्या माळावर वाऱ्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही. आम्हा दोघांची नावे नोंदवावीत. सौ. स्नानगृहात थेट जाईल, मी शहरफेरीत येईन.